तावडेबाईंची तपासणी

लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला आणि आम्ही सगळे जुने भाडेकरू महिनाभरात वर राहायला गेलो. प्रत्येकाने वास्तुशांत घातली आणि प्रत्येकाने नवा फ्रीज घेतला. जुन्या खोलीत पंधरा वर्षं बिनतक्रार चाललेली वस्तू नव्या ब्लॉकला शोभत नाही, असं सगळ्यांना एकदमच वाटू लागलं होतं. त्या दिवसांत लिफ्टमध्ये माणसांपेक्षा खोकीच जास्त दिसायची.

आमचा फ्रीज आला त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात तावडेबाई उभ्या होत्या. सडसडीत, उंच, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्याला काळी रेक्झिनची पर्स. आमच्याच मजल्यावर, समोरच्या ब्लॉकमध्ये त्या आणि तावडेकाका राहायचे.

"फ्रीज आला म्हणे," त्या म्हणाल्या. "चालू करून किती तास झाले?"

"चार."

"मग उद्या येते. चार तासांत काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पर्समधून एक लांबट नळी काढली, नळीतला कापूस बाजूला केला आणि आतून काचेचा थर्मामीटर काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, लाल रेघेचा. पाण्याचा पेला फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवला, त्यात थर्मामीटर उभा केला, दार लावलं आणि अर्धा तास स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मध्ये माझ्या सासूबाई बटाटे घ्यायला फ्रीज उघडू लागल्या, तर बाईंनी नुसता हात आडवा केला. अर्ध्या तासाने दार उघडून चटकन वाचलं.

"नऊ. दुकानदार किती म्हणाला होता?"

"पाच."

"ते म्हणतातच," बाई म्हणाल्या आणि वहीत नऊ लिहिलं.

त्या दिवसापासून तो फ्रीज माझ्या मनातून उतरला. दूध नासलं नव्हतं, भाजी सुकली नव्हती, पण हात घातला की वाटायचं, हे गार नाही, नुसतं गारसर आहे. टॉवरमधल्या निम्म्या घरांत हेच झालं. बाईंच्या वहीत कुणाचा नऊ, कुणाचा दहा. चौथ्या मजल्यावरचे सावंत तर दुकानात जाऊन भांडून आले. काही बायका बाई येताना दिसल्या की दार लोटून घेत. नव्या वस्तूचं कौतुक दोन दिवस तरी राहू दे, एवढीच त्यांची इच्छा असायची.

मी मात्र त्यांना दार लावू शकत नव्हते. परळच्या ज्या शाळेत मी शिकले, तिथल्या प्रयोगशाळेत तावडेबाई सहायक होत्या. शिक्षिका त्यांना नुसतं 'तावडे' म्हणायच्या, आम्ही मुली 'बाई' म्हणायचो. शिकवण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण प्रयोग कसा करायचा हे आम्ही त्यांच्याचकडून शिकलो. एकदा मी पुस्तकातलं उत्तर आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते पान दुमडलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्या नळीत काय दिसतंय ते लिही."

हाच त्यांचा स्वभाव घरातल्या प्रत्येक यंत्राला लागू होता. दादरला मिक्सर घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. विक्रेता म्हणाला, "मॅडम, एकदम टॉप मॉडेल." बाईंनी विचारलं, "टॉप म्हणजे कोणाच्या वर?" मग त्यांनी पर्समधून डबा काढला. डब्यात भिजवलेली चण्याची डाळ. तिथे काउंटरवर त्यांनी ती तीन मिक्सरांत वाटायला लावली, चिमटीत धरून तिन्हीचा रवाळपणा पाहिला आणि एकही न घेता बाहेर पडल्या. माझ्या वॉशिंग मशीनसमोर त्या घड्याळ घेऊन बसल्या आणि शेवटचा जो 'एक मिनिट' दिसतो तो चार मिनिटांचा असतो हे त्यांनी सिद्ध केलं. त्यांच्या लेकीने पाठवलेला मोठा टीव्ही घरी आला. तो बोललेलं ऐकतो असं कळल्यापासून बाई आणि काका टीव्हीसमोर फक्त मालवणीत बोलू लागले. काका मला हसत हसत म्हणाले, "ही म्हणता, तेका मालवणी कळना नाय."

मी हसायचे, पण एका प्रसंगानंतर माझं हसणं कमी झालं. वॉटर प्युरिफायर विकणारा एक टायवाला माणूस आमच्याकडे आला होता. त्याने दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन लोखंडी दांड्यांचं यंत्र आधी नळाच्या पाण्यात बुडवून प्लग लावला. मिनिटभरात पाणी गढूळ, मग तांबूस, मग चहासारखं झालं. मशीनचं पाणी तसंच स्वच्छ राहिलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "एवढी घाण पितोय आम्ही," त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर सही करायला चष्मा शोधू लागल्या. मी समोर जाऊन बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी सगळा प्रयोग परत करायला लावला आणि शांतपणे पाहिला. मग म्हणाल्या, "आता तुमच्या मशीनच्याच पाण्यात करा." आणि त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. माणूस म्हणाला, मॅडम, असं करत नाहीत. बाईंनी स्वतःच दांड्या बुडवल्या. ते पाणीही चहासारखं झालं, आधीच्यापेक्षा गडद.

"घाण पाण्यात नाही, तुमच्या दांड्यांत आहे," बाई म्हणाल्या. "लोखंड सुटतंय. पाण्यात क्षार असले की वीज जाते आणि लोखंड सुटतं. आठवीच्या मुलींना मी हे करून दाखवत होते."

तो आपलं सामान गोळा करून निघून गेला. मग मी चहा केला, तो ओतून घेतानाही बाईंनी आधी पेल्याच्या तळाशी पाहिलं.

हा संशय कुठून आला ते मला काकांच्या चपलेमुळे कळलं. काकांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. त्यामुळे ते मुद्दाम करून घेतलेली बंद चप्पल घालायचे. एका दुपारी मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "फ्रीजने नेली."

जुन्या चाळीत असतानाची गोष्ट. काकांना साखरेचा त्रास होता आणि इन्सुलिन सुरू होतं. बाई स्वतः सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायच्या. तरी साखर उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन नीट देता ना? प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला हा प्रश्न विचारला गेला होता. त्यांनी शाळेतून थर्मामीटर आणून फ्रीजमध्ये ठेवला. आठच्या वर जायला नको होतं, तिथे तेरा. कंपनीचा माणूस आला, आत हात घालून म्हणाला, गार तर आहे. डॉक्टर म्हणाले, चार-पाच अंशांनी एवढं काही होत नाही. बाईंना दोघांचंही पटलं नाही. पुढे काकांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. "डॉक्टर आणि कंपनी, सगळे एकमेकांना सांभाळून घेतात," बाई म्हणाल्या. तो थर्मामीटर त्यांनी निवृत्त होताना शाळेकडून मागून घेतला होता.

टॉवरमध्ये आल्यावर बाईंनी स्वतः घेतलेला फ्रीजही नऊच दाखवत होता. फ्रीजमध्ये काकांचं इन्सुलिन होतं. बाईंनी तक्रार केली आणि एजन्सीतर्फे हरेश केणी आले. वरळी कोळीवाड्यातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मागची पट्टी उघडली, साफसफाई केली, स्वतःचा डिजिटल मीटर आत ठेवला. मीटरवर पाच आला.

"बाई, फ्रीज चांगला आहे."

"तुमच्या मीटरला चांगला असेल."

केणी तीनदा आले. तीनदा मीटरवर पाच आणि बाईंच्या थर्मामीटरवर नऊ, एकदा तर दहा. बाईंची खात्री झाली की मीटर पाचच दाखवील असा करून ठेवलाय, आणि पट्टी उघडली तेव्हा या माणसाने आतला एखादा चांगला भाग काढून जुना घातलाय. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षर, तारखा, आकडे. 'आपला कारागीर खोटे मापन दाखवून ग्राहकांची फसवणूक करतो' असं स्पष्ट लिहिलं. पत्र पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं होतं. मला केणी तसे वाटले नव्हते, पण मी गप्प बसले. एवढे आकडे समोर असताना मी काय बोलणार होते?

पंधरा दिवसांत कंपनीने फ्रीज बदलून दिला. नवा बसवायला आलेल्या माणसाकडून कळलं की केणींना एजन्सीने काढलं. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. दुसऱ्या घरचं वाचलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला.

नऊ.

त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे येऊन बसल्या. वही मांडीवर होती. सावंतांचा नऊ, माझा नऊ, जुना नऊ, नवाही नऊ. कंपन्या तीन वेगवेगळ्या. "सगळे एकत्र येऊन करतात म्हणजे," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मला शाळेतला जून महिना आठवत होता. प्रात्यक्षिकं सुरू होण्याआधी बाई सगळे थर्मामीटर वितळत्या बर्फात उभे करायच्या, आणि ज्याची रेघ शून्यावर येणार नाही तो बाजूला काढायच्या. मी बराच वेळ धीर गोळा केला.

"बाई, बर्फात घालून बघूया का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादी मुलगी विचारू नये ते विचारते तेव्हा पाहायच्या तसं. मग उठून स्वतःच बर्फ काढला, कुटला, स्टीलच्या वाडग्यात घातला, थोडं पाणी ओतलं. थर्मामीटर उभा करून आम्ही दोघी थांबलो. रेघ उतरत उतरत साडेचारवर आली आणि तिथेच थांबली.

बाईंनी दुसरा बर्फ घेतला. परत साडेचार. तिसऱ्यांदा आपल्या घरून बर्फ आणला. साडेचार.

मी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं. लाल रेघ एका ठिकाणी तुटलेली होती. साडेचार घरांएवढी फट, आणि फटीच्या वर रेघेचा तुकडा, सगळं माप तेवढ्याने वर चढवणारा. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या, कारण तिथल्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "केणी कुठे राहतो म्हणाला होता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की बाईंची पर्स दोन्ही भिंतींना लागत होती. विचारत विचारत घर सापडलं. केणी ओट्यावर कुणाचा तरी टेबलफॅन उघडून बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत. त्यांची बायको आतून पाणी घेऊन आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थांबली.

बाई उभ्यानेच बोलल्या. "माझा थर्मामीटर साडेचार अंश जास्त दाखवत होता. तुमचा मीटर बरोबर होता. मी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं. मुद्दाम नाही, पण खोटंच होतं ते."

केणींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "बाई, माझा मीटर मी रोज सकाळी बर्फात घालून बघतो. मगच घरातून निघतो."

बाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"तेव्हाच सांगणार होतो," केणी म्हणाले. "पण तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतात. एकोणीस वर्षं केलं मी ते काम."

"मी एजन्सीत जाऊन सांगते."

"जा. पण ते घेणार नाहीत."

घेतलं नाहीच. एजन्सीतल्या माणसाने बाईंचं नवं पत्र वाचलंही नाही. तो म्हणाला, "मॅडम, तो विषय क्लोज झालाय. तुम्हाला फ्रीज बदलून मिळाला ना?" बाई परत दोनदा गेल्या. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. बाविसाव्या मजल्यापासून खाली एकेक दार वाजवत आल्या. ज्या ज्या घरात नऊ लिहिला होता तिथे उभं राहून सांगितलं, "तुमचा फ्रीज चांगला आहे. चूक माझी होती. काही बिघडलं तर यांना बोलवा," आणि केणींचा नंबर लिहिलेला कागद दिला. काही जण हसले. सावंत चिडले, दुकानदाराशी त्यांचा उगाच तंटा झाला होता. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. हळूहळू टॉवरमधली कामं केणींकडे जाऊ लागली. बाईंच्या घरी एसी साफ करायला आले तेव्हा त्या स्टूल घेऊन शेजारीच बसल्या.

"बाई, अजून बघताय?" केणींनी विचारलं.

"सवय आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही करा काम."

मला वाटलं, प्रकरण इथे मिटलं. पण कोळीवाड्यातून परतताना बसच्या खिडकीशी बसून बाई जे बोलल्या होत्या ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"चाळीतल्या फ्रीजला लावलेला हाच थर्मामीटर," त्या म्हणाल्या होत्या. "तेरातून साडेचार गेले तर किती?"

"साडेआठ. पण फट आता पडली असेल बाई. घर हलवताना. टेम्पोत सामान किती आपटलं."

"असेल. नसेलही." तिकिटाची घडी घालत म्हणाल्या, "मग इंजेक्शन मीच नीट देत नसेन. डॉक्टरांनी विचारलंच होतं."

रेघ केव्हा तुटली हे आता कुठल्याच प्रयोगाने कळण्यासारखं नव्हतं. बाईंनी तपासण्या थांबवल्या. दार वाजवणं थांबलं, दुकानात जाणं थांबलं. काकांना इंजेक्शन द्यायला त्या मला बोलावू लागल्या. मी द्यायचे आणि त्या शेजारी उभ्या राहून माझा नाही, स्वतःचाच हात बघत राहायच्या.

एका सकाळी इंजेक्शन झाल्यावर काकांनी सदरा खाली केला आणि टीव्ही बंद असतानाही मालवणीत बोलले.

"अगे, फ्रीजाचो दोष नाय आणि तुझोय नाय. तेव्हा मी रोज दोन लाडू खाय होतंय. बेसनाचे. नाक्यावरच्या दुकानात उभो रवान. तुका सांगूक धीर जालो नाय."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "रोज?"

"रोज."

"आणि मी एवढी वर्षं फ्रीजला बोलत होते, तेव्हा गप्प बसलात."

"फ्रीजाक खंय वाईट वाटता?" काका म्हणाले.

बाई आत निघून गेल्या. आठ दिवस त्या घरात बोलणं नव्हतं. मी इंजेक्शनपुरती जाऊन यायचे. नवव्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या, स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसल्या.

"ह्यांना गोड फारसं आवडत नाही," त्या म्हणाल्या. "लग्नातसुद्धा जिलबी मला दिली होती. लाडू खाल्ले असतील की मला बरं वाटावं म्हणून सांगतायत, काही कळत नाही."

"विचारा ना परत."

"विचारलं तर तेच सांगतील. खरं असलं तरी आणि खोटं असलं तरी."

त्या वर्षाच्या शेवटी दोघं काकांच्या धाकट्या भावाकडे कुडाळला राहायला गेली. टॉवरचा ब्लॉक लेकीने भाड्याने दिला. दीड वर्षाने बाई तिथेच वारल्याचा फोन आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या आदल्या दिवशी, लालबागच्या नाक्यावर. वाटेत लागतील म्हणून केळी घ्यायला आम्ही दोघी उतरलो होतो. परतताना बाई काकांच्या त्या मिठाईच्या दुकानासमोर थांबल्या. गल्ल्यावर म्हातारे मालक बसले होते. याच नाक्यावर चाळीस वर्षं बसलेले, प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आणि आवड सांगणारे. समोर परातीत बेसनाच्या लाडवांची रास होती.

मालकांनी बाईंना ओळखलं. मान हलवून म्हणाले, "काय तावडेबाई? बोला."

बाई पायरीवर उभ्या होत्या. एक प्रश्न विचारला असता तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, लाडवांकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या गावी चाललो. सांगायला आले."

पायरी उतरताना त्यांनी माझा दंड धरला, आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.